तारखेची पानं

"ही वही तुम्ही स्वतः लिहिलीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो, अक्षर न् अक्षर माझं," मी म्हटलं आणि जरा ताठ बसले. खोटं कशाला बोलू, मला वाटलं आता कौतुक होणार.

खरं तर आम्ही ठमीला सर्दी झाली म्हणून घेऊन गेलो होतो. ठमी म्हणजे माझी लेक, वय साडेअकरा महिने. त्या दिवशी तिचा अवतार बघण्यासारखा होता. नाक वाहतंय, डोळे चिकटलेत, आणि माझ्या मानेला अशी गच्च मिठी की मला श्वास घ्यायची चोरी. डॉक्टरांनी टेबलावर बसवलं तर भोकाड पसरून आडवी झाली. उभं करायला गेल्या तर दोन्ही पाय वर उचलून घेतले. कानामागे छोटी घंटा वाजवली, हिने ढुंकूनही पाहिलं नाही. मग त्यांनी सहज विचारलं, पालथी कधी पडली, बसायला कधी लागली. झालं, मी निळ्या पुठ्ठ्याची वही काढून त्यांच्यासमोर ठेवली. मला वाटतं ती वही काढायला मी कारणच शोधत होते.

डॉक्टर एका हाताने पानं उलटत होत्या आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर महिने मोजत होत्या. मोजताना त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

"पालथी पडली पावणेसात महिन्यांनी. आधाराशिवाय बसली नऊ पूर्ण झाल्यावर. रांगली साडेदहाला. पहिला शब्द आता, पंधरा दिवसांपूर्वी." त्यांनी वही मिटली. "एखादी गोष्ट मागे असती तर मी म्हटलं असतं, मूल आपल्या तब्येतीने चालतंय. इथे सगळंच दीड-दोन महिने मागे आहे. घंटेला ती वळली नाही ते सर्दीने कान बसल्यामुळेही असेल. पण वही बघून मला ते तसंच सोडवत नाही."

मोठ्या इस्पितळातल्या तज्ज्ञांच्या नावाने त्यांनी चिठ्ठी लिहिली. तारीख मिळाली नऊ दिवसांनंतरची. "ही वही नक्की न्या," त्या म्हणाल्या. "पुढच्या तपासण्या कोणत्या करायच्या ते तारखांवरूनच ठरवतात."

माझ्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणते. बाटलीचं झाकण लावत होत्या, काढत होत्या, परत लावत होत्या. "पोर ठणठणीत आहे हो डॉक्टर," त्या म्हणाल्या.

"असेलच आजी. बघून घ्यायला काय हरकत?"

परत येताना रिक्षात मी ती वही पिशवीच्या अगदी तळाशी ढकलली.

आता वहीचं सांगते. मी औषधांच्या शीतगृहात तपासनीस आहे. तिथे दोन ते आठ अंशांच्या मध्ये ठेवायच्या औषधांच्या मोठमोठ्या खोल्या आहेत. दर तासाला ऑपरेटर तापमान रजिस्टरात लिहितो आणि ते रजिस्टर खरं आहे की बसल्या जागी रंगवलेलं, हे मी बघते. लोक माझ्या पाठीमागे मला थर्मामीटर म्हणतात. म्हणेनात का. ठमी चार महिन्यांची झाली तेव्हा मी कामावर परत गेले. नवरा गावोगाव लिफ्ट बसवत फिरतो, महिन्यातून चार दिवस घरी. म्हणजे घरात ठमी आणि आई. सकाळी मी सहाला निघते तेव्हा ठमी झोपलेली, संध्याकाळी आठला येते तेव्हाही झोपलेली. आठवड्यात एक गुरुवार तेवढा माझा.

पहिल्या दिवशी कामावर निघताना मी दारात उभी राहून आईंना म्हणाले होते, "हिचं पहिलंवहिलं सगळं तुम्ही बघणार, आणि मी थंड खोलीत आकडे बघत बसणार." बोलताना रडूच फुटलं. मी रडत नाही सहसा, ओरडते.

पण झालं भलतंच. ठमी पालथी पडली ती माझ्यासमोर. बसली माझ्यासमोर. रांगली माझ्यासमोर, पहिलं टाळ्या वाजवणं माझ्यासमोर. प्रत्येक वेळी आई स्वयंपाकघरातून पळत यायच्या, "अग बाई, हे पहिल्यांदाच ग!" मी लगेच वही काढून तारीख घालायची. पंधरा दिवसांपूर्वी तर ती माझ्याकडे बघून चक्क "आई" म्हणाली. ते पान मी तीन वेळा लिहिलं, कारण दोन वेळा शाई पसरली. कामावरच्या एका मैत्रिणीच्या मुलाचं पहिलं पाऊल पाळणाघरातल्या बाईंनी बघितलं, म्हणून ती बिचारी हळहळत होती. तिला मी तोऱ्यात सांगितलं होतं, "माझी लेक माझ्यासाठी राखून ठेवते."

आता तीच वही उघडायची मला भीती वाटायला लागली. त्या नऊ दिवसांत मी घराचा दवाखाना केला. कामावर निघण्यापूर्वी झोपलेल्या ठमीच्या उशाशी चमचा ताटलीवर आपटून बघायची. दचकली तर जीव भांड्यात पडायचा. नाही दचकली तर दिवसभर टांगणीला. फोनवर नवरा म्हणायचा, "तू ना, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस." मी त्याला म्हणायची, "तू लिफ्ट वर-खाली कर, इकडे मी बघते." मग फोन ठेवून मीच रडायची.

आईंचं वागणंही विचित्र झालं होतं. त्यांना जेवण जाईना. दोनदा त्या माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि "काही नाही, दिवा बंद करायला आले," म्हणून गेल्या. दिवा बंदच होता.

मधल्या गुरुवारी तर त्यांनी कमालच केली. ठमी अजून सर्दीने बेजार, माझ्या कडेवरून उतरायला तयार नाही, आणि या तिच्या मागे, "दाखव ना ग ठमे, आईला दाखव ना. खाली ठेव ग तिला, सोड जरा." पाच वेळा, दहा वेळा. शेवटी माझा तोल गेला.

"आई, तिची परीक्षा घेऊ नका हो! घेणारे आहेत तिकडे इस्पितळात." आणि एवढ्यावर थांबेल ती मी कसली. "सहा दिवस ती तुमच्याजवळ असते. टीव्हीसमोर ठेवून देत असाल. कोणी बोललं तर मूल बोलेल, कोणी ओ दिली तर हाकेला वळेल. तुम्ही तिच्याशी बोलता तरी का?"

आईंचा चेहरा पांढरा पडला. एरवी त्या मला एक ऐकवतात, मी दोन ऐकवते, आणि चहा पिऊन आम्ही गप्पांना बसतो. त्या दिवशी त्या आत जाऊन ठमीचे कपडे घडी करत बसल्या. घडी केलेलेच कपडे होते ते. मला वाईट वाटलं, पण माफी मागायला तोंड उघडेना.

इस्पितळाची तारीख सोमवारची. शुक्रवारी सकाळी कामावर रात्रपाळीचं रजिस्टर हातात आलं आणि माझं डोकं सणकलं. आमचे जुने ऑपरेटर, सगळे त्यांना मामा म्हणतात, दोन वर्षांत निवृत्त होतील. रात्रभराचे आकडे कसे? चार, चार, चार पूर्णांक एक, चार.

"मामा, हे काय आहे?"

"तापमान आहे मॅडम."

"बर्फ वितळवायला मशीन रात्रीतून दोनदा थांबतं. तेव्हा तापमान चढलंच पाहिजे. तुमचं चढतच नाही. खरं रजिस्टर इतकं शहाण्यासारखं वागतं का?"

मामांनी मान खाजवली. "सहापर्यंत गेलं होतं की दोनदा. पण सहा बघितलं की तुमचा चेहरा पडतो. गेला आठवडाभर तुम्ही अशाच काळजीत दिसताय. म्हटलं, सकाळी सकाळी मॅडमच्या जिवाला बरं वाटावं."

"म्हणजे खोली ठीक होती?"

"एकदम ठीक. खोलीला काय धाड भरलीय?"

"मग ठीक असलेली खोली खोटं लिहून कशाला संशयात घालता? आता मला पूर्ण मालाची तपासणी करावी लागणार!" माझा आवाज पार गेटपर्यंत गेला असेल. मामा ओशाळले. खरे आकडे त्यांनी वेगळ्या कागदावर लिहून खिशात ठेवले होते, ते काढून दिले.

दुपारच्या सुट्टीत मी इस्पितळासाठी ठमीच्या तारखा एका कागदावर उतरवायला बसले. आता आमच्या कामात खोटं रजिस्टर पकडायची पहिली पायरी एकच. तारखेसमोर वार घालायचा. आकडे रंगवणारा माणूस घाईत बंद दिवसाचेही आकडे भरून मोकळा होतो. मला ती सवयच जडली आहे. फोनमधलं कॅलेंडर उघडून मी तारखेसमोर वार घालत गेले. गुरुवार. गुरुवार. गुरुवार.

चौदा नोंदी, चौदाही गुरुवार.

आधी स्वतःलाच म्हटलं, अग शहाणे, तू घरी असतेस गुरुवारी, मग तू बघितलेलं गुरुवारचंच असणार. पण ते "पहिल्यांदाच ग" माझं नव्हतं, आईंचं होतं. आणि उरलेले सहा दिवस मूल काय हाताची घडी घालून बसलं होतं? इतकं शहाण्यासारखं कोणतं मूल वागतं? दुसऱ्यांच्या रजिस्टरातली लबाडी लांबून ओळखणारी मी, माझ्याच घरातलं सात महिन्यांचं रजिस्टर उराशी धरून फिरत होते.

मी अर्धी रजा टाकली आणि घरी आले. दार माझ्या किल्लीने उघडलं.

ठमी उभी होती. दिवाणाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून, एक पाय उचलत, दुसरा ओढत, आडवी आडवी चालत होती. दिवाणाच्या टोकाला आई खाली बसून हात पसरून तिला बोलावत होत्या. मला बघताच त्या धडपडत उठल्या आणि त्यांनी पहिलं काय केलं, तर ठमीला चटकन उचलून कडेवर घेतलं, चोरीचा माल लपवावा तसं.

"अग, तू आत्ता कशी?"

"ठेवा तिला खाली."

"चहा टाकते—"

"आई, ठेवा तिला खाली."

त्यांनी ठेवलं. ठमीने माझ्याकडे बघून दोन दात दाखवले, दिवाण धरला आणि परत चालायला लागली. मी चपलांसकट खालीच बसले. "कधीपासून?"

"पंधरा दिवस झाले." आई भिंतीला टेकल्या. "गुरुवारी तुझ्यासमोर चालेल म्हणून थांबले होते. पण गुरुवारी तू तिला कडेवरून उतरवलंस तर ना! कधीच उतरवत नाहीस. म्हणून तर सगळं लांबत गेलं. आज नाही, पुढच्या गुरुवारी. मध्ये तुमच्या कामावरच्या त्या मोठ्या तपासणीत तुझे ओळीने पाच गुरुवार गेले."

मला एकाच वेळी नाचावंसं वाटत होतं आणि घर डोक्यावर घ्यावंसं वाटत होतं. "आठवडाभर! आठवडाभर मी मरतेय इथे, आणि तुम्ही तोंडाला कुलूप घालून बसलात? का?"

"दारात उभी राहून रडली होतीस ना तू? तेव्हाच ठरवलं मी." त्यांनी ठमीचं नाक पुसलं. "तुझा नवरा लहान होता तेव्हा मी शिवणाच्या कारखान्यात होते. तो पहिल्यांदा चालला तो शेजारणीच्या ओट्यावर. संध्याकाळी तिने मला असं नाचत नाचत सांगितलं! आजतागायत मला ती बाई आवडत नाही. मला तुझ्यासाठी ती बाई व्हायचं नव्हतं."

मी आता कुठे चपला काढल्या. म्हटलं, "मला आता खऱ्या तारखा हव्यात. सोमवारी त्या मागणार. आठवतात तरी का?"

आई कपाटाकडे गेल्या आणि बटणांचा डबा घेऊन आल्या. आमच्या स्वयंपाकघरात रोज एक पान फाडायचं असतं तसलं कॅलेंडर आहे. ते पान सकाळी त्याच फाडतात. डब्यात बटणांच्या वर ती पानं होती, दोऱ्याने बांधलेली. प्रत्येकावर मोठा आकडा, आणि खाली पेन्सिलीने आईंचं वाकडंतिकडं अक्षर. 'पालथी पडली, उशीवरून.' 'बसली. डब्याचं झाकण वाजवलं.' 'रांगली, माझा चष्मा धरायला.' मी एकेक तारीख मोजत गेले. पावणेपाच महिने. साडेसहा. साडेआठ. सगळं अगदी वेळेवर. सोमवार, बुधवार, शनिवार, मंगळवार, कसेही पडलेले वार. खरं रजिस्टर असंच असतं.

आनंद झाला. आणि जळफळाटही झाला, तोही सांगून टाकते. ते चष्म्यामागे रांगणं मी बघितलंच नव्हतं. माझ्या वहीत होतं ते दुसऱ्यांदा, कदाचित पन्नासाव्यांदा.

"पहिला शब्द कुठाय?" मी विचारलं.

मग मी बघितलं, एक पान त्यांनी मुठीत धरलं होतं. मी हात पुढे केला. घडी पडलेलं पान, नऊ महिने आणि तीन दिवसांचं, मंगळवार. त्यावर एवढंच लिहिलं होतं, 'बोलली.'

"काय बोलली?"

"आई."

"मग? लिहिलं का नाही तसं?"

"मला म्हणाली." आईंनी माझ्याकडे बघितलं नाही. "या घरात सगळे मलाच आई म्हणतात. तू म्हणतेस, तो फोनवर म्हणतो. पोरीने तेच उचललं. मी म्हटलं, ही तर पंचाईत झाली. तुझा खुंटीवरचा कुर्ता समोर धरून रोज शिकवायचे, ही आई, मी आजी. तिला कळायचं नाही. ती मलाच हाक मारायची. मग मी ठरवलं, ओ द्यायची नाही."

"ओ द्यायची नाही म्हणजे?"

"म्हणजे आई म्हणाली की तोंड फिरवून बसायचं. दीड महिना. एकदा तर माझा पाय धरून हाका मारत होती, आणि मी खिडकीतून बाहेर बघत होते." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "आणि मग डॉक्टरांनी घंटा वाजवली, तर ती वळलीच नाही. मला वाटलं, माझ्यामुळेच झालं हे. हाक मारून कोणी वळत नाही, तर आपण तरी कशाला वळायचं, असं शिकली असेल पोर. त्या दिवशी तू तेच बोललीस. मला वाटलं तुला कळलंच. सांगू कशी मी तुला?"

मला माझेच शब्द आठवले. कोणी ओ दिली तर हाकेला वळेल. मी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले. माफी मागितली की नाही आठवत नाही, पण रडलो दोघीही, आणि ठमी आमच्याकडे बघत चवीने एक बटण तोंडात घालत होती. ते काढण्यातच मग पुढचा वेळ गेला.

सोमवारी आम्ही तिघी इस्पितळात गेलो. पानांचा गठ्ठा मी पर्समध्ये ठेवला होता, वही घरी. तरी धाकधूक होतीच. पानं खरी असली तरी कान कोणी तपासले होते? काचेच्या खोलीत ठमीला माझ्या मांडीवर बसवून दोन्ही बाजूंनी बारीक बारीक आवाज सोडले. सर्दी उतरली होती. ती प्रत्येक आवाजाला वळत होती. मी मोजत होते. आईंनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"कान उत्तम आहेत," तज्ज्ञ म्हणाल्या. मग बाहेरच्या टेबलाशी बसून त्यांनी एकेक पान बघून तारखा लिहून घेतल्या. "सगळं वेळेवर आहे. कोणी ठेवली ही पानं? छान ठेवलीत. पहिला शब्द?"

आईंनी मान खाली घातली.

"नऊ महिने तीन दिवस," मी म्हणाले. "आई म्हणाली."

"तुम्हाला ना?"

"नाही. यांना."

तज्ज्ञांनी लिहून घेतलं. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. तेवढ्यात माझ्या मांडीवर कंटाळलेल्या ठमीने आईंकडे दोन्ही हात पसरले आणि मोठ्याने हाक मारली, "आई!"

आईंनी सवयीने मान खिडकीकडे फिरवली.

"आई," मी म्हणाले, "ओ द्या तिला."